हरिपुऱ्याच्या वेशीवरची चित्रे

दिल्लीत इंडिया गेटच्या वर्तुळाला लागून जयपूर हाउस नावाची एक घुमटाची वास्तू आहे. १९५४ साली तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. आमच्या कचेरीपासून ते काही फार लांब नाही. तरी दिल्लीस आल्यावर पहिली तीन वर्षे मी तेथे पाऊल टाकले नव्हते. बदलीवर आलेल्या माणसाचे असेच होते. घर, कचेरी, महिन्याच्या अखेरचा हिशेब आणि महाराष्ट्र मंडळाचा गणेशोत्सव, एवढ्यात त्याचे गाव संपते. ज्या शहराचे पाणी आपण पितो त्या शहरात आणखी काय आहे, हे पाहण्याचे मनात असते आणि राहून जाते.

एका हिवाळ्यात मात्र सुट्टीच्या दिवशी तेथे जाणे घडले, आणि एका चित्रापाशी पाय थांबले. चित्र मोठे नव्हते. दोन-अडीच फूट उंचीचा कागद. त्यावर अंगाला बाक देऊन ढाक वाजविणारा एक वादक. जाड, एका दमात ओढलेल्या रेषा. मातीचे सपाट रंग. मागे एक कमान. चेहऱ्यावर भाव असा काही नाही, पण सारे शरीर तालात आले आहे. शेजारी आणखी तशीच चित्रे होती. खालच्या पाटीवर चित्रकाराचे नाव नंदलाल बसू, आणि पुढे एक शब्द होता : हरिपुरा.

हरिपुरा हे नाव परीक्षेपुरता इतिहास वाचलेल्या कोणालाही ठाऊक असते. १९३८ च्या फेब्रुवारीत सुभाषचंद्र बोस जेथे काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते गाव. परंतु त्या राजकीय नावाशी या ढाकवाल्याचा काय संबंध? त्या दिवशी पडलेल्या या प्रश्नाचा माग घेता घेता जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा येथे विचार आहे. त्यात आपल्या खानदेशाचाही वाटा आहे, हे मला आरंभी ठाऊक नव्हते.

१

चित्रकला आणि चळवळ यांची आपल्या देशातील गाठ पुष्कळ जुनी आहे. १९०५ साली बंगालची फाळणी झाली, त्याच सुमारास अवनींद्रनाथ ठाकुरांनी 'भारतमाता' हे प्रसिद्ध चित्र काढले. भगव्या वस्त्रातली, चार हातांची, संन्यासिनीसारखी ती मूर्ती स्वदेशीच्या दिवसांत लोकांच्या मनात ठसली. पण चित्र म्हणून पाहिले तर ते हळुवार, धुक्यात विरघळणारे आहे. हातभर अंतरावरून, शांतपणे पाहावे अशी त्याची जात. मिरवणुकीत दूर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ते काय दिसणार? चळवळीचा विषय कलेने उचलला होता. चळवळीची भाषा तिला अजून सापडावयाची होती.

ही भाषा वस्तुतः कलकत्त्यातच, कालीघाटच्या देवळाबाहेर, पिढ्यान् पिढ्या बोलली जात होती. खेड्यांतून आलेले पटुए तेथे देवादिकांची चित्रे काढून यात्रेकरूंना पैसा-दोन पैशांना विकीत. स्वस्त गिरणीचा कागद, थोडे रंग आणि वळणदार रेघ. एका दिवसात पुष्कळ चित्रे काढावयाची असल्यामुळे अनावश्यक ते सारे गळून गेलेले. आणि हे पटुए केवळ देवांवर थांबत नसत. १८७३ साली तारकेश्वरच्या महंताचे प्रकरण गाजले. नवीनचंद्र नावाचा तरुण कलकत्त्यास एका छापखान्यात नोकरीस होता. त्याची बायको एलोकेशी गावी होती. महंताने तिला नासविले हे कळल्यावर नवीनने तिचाच जीव घेतला. खटला झाला, नवीनला काळ्या पाण्याची आणि महंताला सक्तमजुरीची शिक्षा झाली, पुढे लोकांनी अर्जावर अर्ज केल्यामुळे नवीन सुटला. पटुआंनी या साऱ्या प्रकरणाची चित्रे काढली. महंत पान घेतो आहे, नवीन विळा उगारतो आहे, महंत तुरुंगात घाणा ओढतो आहे. ज्या हाताने दुर्गा काढावयाची त्याच हाताने चव्हाट्यावरची गोष्टही काढावयाची, यात त्यांना विसंगती वाटली नाही. पुढे परदेशाहून छापील रंगीत तसबिरी येऊ लागल्या. त्या पटांहूनही स्वस्त पडत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत कालीघाटची ही कला जवळजवळ मावळली.

तिच्या मावळतीच्या वेळीच सुशिक्षितांचे लक्ष तिच्याकडे वळले. १९१९ साली अवनींद्रनाथांनी बंगालमधील व्रतांवर एक छोटे पुस्तक लिहिले. व्रताच्या दिवशी बायका तांदळाच्या पिठाच्या पाण्याने भुईवर जी आलिपना रेखाटतात, ती आपल्या रांगोळीचीच बहीण. तिच्यात त्यांनी एक जुनी, सजीव चित्रभाषा पाहिली. त्याच वर्षी शांतिनिकेतनात कलाभवन सुरू झाले, आणि अवनींद्रनाथांचे पट्टशिष्य नंदलाल थोड्याच काळात त्याचे प्रमुख झाले.

नंदलालांचा जन्म १८८२ सालचा, बिहारमधील मुंगेरजवळच्या खरगपूरचा. लहानपणी गावातले कुंभार मूर्ती घडविताना पाहण्याचा त्यांना नाद होता. १९०९ च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी जे तरुण कलकत्त्याहून आले, त्यांत ते होते. रेषेने शरीराला वजन कसे द्यावे हे ते आपल्या सह्याद्रीच्या कुशीत शिकले, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. शांतिनिकेतनात मात्र त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना लेणी आणि आलिपना एकाच ओळीत बसवून दाखविली. वृक्षारोपण आणि हलकर्षण, म्हणजे नांगरणीचा उत्सव, असे जे सोहळे रवींद्रनाथांनी तेथे १९२८ च्या सुमारास सुरू केले, त्यांची सजावट कलाभवनाकडे असे. फुले, पाने, माती, पीठ एवढेच सामान. संध्याकाळी सोहळा संपे आणि सजावट पुसली जाई. टिकाऊपणा हा कलेचा एकमेव धर्म नाही, हा धडा तेथील विद्यार्थ्यांना पुस्तकावाचून मिळत होता. या विद्यार्थ्यांत पुढे कलाभवनातच शिक्षक झालेले विनायक शिवराम मासोजी हे आपले मराठी गृहस्थही होते.

२

१९३० साली गांधीजी दांडीस निघाले, तेव्हा नंदलालांनी लिनोलियमवर कोरून एक छाप काढला : काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषेतली, हातात काठी घेऊन चाललेली आकृती. तो छाप सर्वांच्या परिचयाचा आहे. गांधीजींची दृष्टी त्यांच्याकडे वळण्यास फार काळ लागला नाही. १९३६ च्या लखनौ काँग्रेसच्या वेळी भारतीय कलेचे प्रदर्शन मांडण्याचे काम त्यांच्याकडे आले. त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एखाद्या खेड्यात भरवावयाचे ठरले. ते खेडे म्हणजे पूर्व खानदेशातील फैजपूर.

गांधीजींनी फैजपूरची रचना नंदलालांवर सोपविली, तेव्हा ते बिचकले. मी चित्रकार, नगररचना माझे काम नव्हे, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींना तर निष्णात नको होता, तळमळीचा माणूस हवा होता. त्यांची अट एकच : जे काही उभे राहील ते खेड्यातल्या सामानाचे आणि खेड्यातल्या हातांचे असावे. मुंबईचे वास्तुकार म्हात्रे मदतीस होते. शंकरराव देव स्वागताध्यक्ष होते, धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते राबत होते, आणि साने गुरुजी खानदेशात गावोगाव हिंडून लोकांना जागे करीत होते. बांबू, गवत, चटया, दोर यांतून टिळकनगर उभे राहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक बैलांच्या सजविलेल्या रथातून निघाली. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या वेळी गांधीजींनी नंदलालांचा आणि म्हात्र्यांचा नावानिशी गौरव केला.

नगरास टिळकांचे नाव होते, ही गोष्टही अर्थपूर्ण आहे. घरातल्या देव्हाऱ्यातला गणपती १८९३ पासून चौकात आणण्यास ज्यांनी बळ दिले, त्यांना लोकाचार आणि राजकारण यांचे नाते कोणी शिकवावयास नको होते. फैजपूरला तेच नाते एका वेगळ्या अंगाने जुळत होते. तेथे देव नव्हता; सूप, टोपली, दोर आणि नांगर होते.

पण फैजपूरची आणखी एक मिरवणूक आठवली पाहिजे. अधिवेशनासाठी मनमाडहून सुमारे पाचशे शेतकऱ्यांचा जथा पायी चालत आला. किसान सभेचे लोक होते ते. कर्ज, सारा आणि खंड यांचे प्रश्न घेऊन आलेले. काँग्रेसने त्या अधिवेशनात शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव संमत केला, त्यामागे देशभरातील अशा दडपणाचा भाग होता. म्हणजे टिळकनगरच्या वेशीवर दोन शेतकरी समोरासमोर आले : एक, ज्याच्या टोपल्या-चटयांनी नगर सजले होते तो, दुसरा, जो पायाला फोड येईपर्यंत चालत आला होता तो. या दोघांची ओळख एकमेकांशी कितपत झाली, हा प्रश्न आपण थोडा पुढे घेऊ.

३

फैजपूर तापीच्या खोऱ्यात आहे. त्याच तापीने पश्चिमेकडे चालत गेले म्हणजे समुद्राच्या अलीकडे, सुरत जिल्ह्यात, बारडोलीच्या परिसरात हरिपुरा लागते. फैजपूरनंतर सव्वा वर्षाने, १९३८ च्या फेब्रुवारीत, काँग्रेसचे पुढचे अधिवेशन या नदीकाठच्या गावी भरले. विठ्ठलभाई पटेलांच्या स्मरणार्थ नगराचे नाव विठ्ठलनगर ठेविले होते. हे एकावन्नावे अधिवेशन. म्हणून वेशी एकावन्न, आणि अध्यक्ष सुभाषबाबूंच्या रथास बैलही एकावन्न. सजावटीच्या कामात रविशंकर रावळ, कनू देसाई हे गुजरातचे चित्रकार होते. आणि गांधीजींनी नंदलालांनाही पुन्हा पाचारण केले.

नंदलालांनी आसपासची खेडी पाहिली आणि मग एक साधा बेत केला. वेशींवर, मंडपांवर, वाटेच्या कडेला लावण्यासाठी चित्रे करावयाची. जी येणाऱ्या-जाणाऱ्याला चालता चालता दिसतील. हातकागद जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेला, रंग मातीचे, हात पटुआचा. काही महिन्यांत त्यांनी स्वतः ऐंशीहून अधिक चित्रे केली. विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रती काढल्या, आणि सर्व मिळून सुमारे चारशे चित्रे झाली. प्रत काढणे हे येथे गौण काम नव्हते. कालीघाटलाही एकच चित्र शेकडो वेळा निघे. कुटुंबातला एक रेघ ओढी, दुसरा रंग भरी. 'एकमेवाद्वितीय' ही कल्पना त्या बाजारात कोणाला ठाऊक नव्हती, आणि हरिपुऱ्याच्या मांडवातही तिचे काम नव्हते.

या चित्रांत आहे तरी कोण? नांगरणारा, बैल आवरणारा, पिंजारी, शिंपी, चांभार, सुतार, कुंभार; धान्य कांडणारी बाई, मुलाला घेतलेली आई; मल्ल, शिकारी, वीणावादक, ढाकवाला; एवढेच काय, गिऱ्हाइकाच्या कानातला मळ काढणारा कानकोऱ्यासुद्धा. बहुतेकांच्या मागे कमान आहे. देवळात देवाच्या मागे असते, राजाच्या तसबिरीत राजाच्या मागे असते, ती कमान येथे चांभाराच्या मागे आहे. रेघ जाड आहे कारण ती दुरून दिसली पाहिजे. रंग थोडे आहेत कारण ते पुरले पाहिजेत. आकृती चित्राच्या चौकटीत गच्च भरली आहे कारण पाहणाऱ्याला थांबावयास वेळ नाही. लोककलेची जी लक्षणे म्हणून आज आपण मोजतो, ती त्या कलेची लहर नव्हती. कमी पैसा, कमी वेळ आणि पुष्कळ माणसे या तीन गरजांची ती उत्तरे होती. नंदलालांनी पटुआंची वळणे उसनी घेतली नाहीत. त्यांच्या गरजा पत्करल्या, म्हणून वळणे आपोआप आली. पुढे लोककलेच्या नावाखाली जी पुष्कळशी सजावट झाली, तिच्यात आणि हरिपुऱ्यात फरक आहे तो येथे.

आणखी एक गोष्ट लक्षात येते. ढाकवाला काही गुजरातचा नव्हे. तो बंगालचा, दुर्गापूजेचा. तापीच्या काठी तो आणून उभा करण्यात नंदलालांनी भूगोलाची चूक केली, असे कोणी म्हणेल. पण बदलीच्या गावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात काही वेगळे दिसावे. परप्रांतात गेलेला माणूस एकतर आपले गाठोडे सोडीत नाही, नाहीतर ते साफ फेकून देतो. नंदलालांनी हरिपुऱ्यास हरिपुऱ्याची माणसे पाहिली आणि त्यांच्या पंक्तीला आपल्याकडचा एक पाहुणा बसविला. सारे एकाच कमानीखाली, एकाच मातीच्या रंगात.

४

आता जे या चित्रांत नाही त्याकडे पाहू. राजकीय अधिवेशनासाठी केलेली ही चित्रे. परंतु त्यांत पुढारी नाहीत. घोषणा नाहीत. लाठीमार नाही, तुरुंग नाही, इंग्रज अधिकारी नाही. कोणाला हा भित्रेपणा वाटेल. मला वाटते, चित्रांचे राजकारण येथेच आहे. एकावन्न वेशींखालून देशाचे प्रतिनिधी जात होते. वकील, संपादक, जमीनदार, व्यापारी. त्यांतील पुष्कळांच्या घरी चांभाराला ओट्यापलीकडे जागा नव्हती. आत शिरताना त्यांना त्याच्या चित्राखालून जावे लागले. अधिवेशन कोणाच्या नावाने भरले आहे याची आठवण देण्यास यापेक्षा मोठ्या फलकाची गरज नव्हती.

तथापि येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून या चित्रांची स्तुती करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. हरिपुऱ्याच्या चित्रांतला प्रत्येक माणूस कामात आहे आणि धडधाकट आहे. त्यांत कोणी उपाशी नाही, कोणी कर्जात बुडालेला नाही. प्रत्यक्षात ज्या दक्षिण गुजरातेत विठ्ठलनगर उभे होते, त्या मुलखात हाळीपद्धत होती. दुबळा जमातीचे शेतमजूर लग्नासाठी वा पोटासाठी घेतलेल्या उचलीपायी धनकोच्या शेतावर बांधले जात, आणि ते ऋण बापाकडून मुलाकडे येई. बारडोलीचा १९२८ चा सत्याग्रह जमीन असलेल्यांच्या साऱ्यासाठी झाला. जमीन नसलेल्याचे दुःख त्याच्या मध्यभागी नव्हते. तो हाळी या कमानीखाली कोठे आहे? नांगर धरलेल्या हाताचे डौलदार चित्र वेशीवर आहे. ते शेत कोणाचे, हे चित्र सांगत नाही.

पाचच वर्षांनी, १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात, चित्तप्रसाद नावाचा तरुण चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यातून पायी फिरला, आणि हाडांचे सापळे झालेली माणसे त्याने काळ्या शाईने काढली. त्या चित्रांची पुस्तिका सरकारने जप्त करून नष्ट केली. हरिपुऱ्याच्या चित्रांपुढे ही चित्रे ठेविली म्हणजे फैजपूरच्या वेशीवरचे ते दोन शेतकरी पुन्हा समोर येतात : एक सुपा-टोपलीतला, दुसरा मनमाडहून चालत आलेला.

मग खरा कोण? वर्षानुवर्षे या प्रश्नाचे उत्तर एका बाजूने देण्याचा मोह लोकांना झाला आहे. मला दोन्ही चित्रांची गरज पटते. उपाशी माणसाचे चित्र पाहणाऱ्याला लाज आणते. पण त्या माणसाला स्वतःला ते चित्र दाखविले तर त्याला काय मिळेल? त्याचे हाल त्याला ठाऊकच असतात. हरिपुऱ्याचे चित्र नेमके त्याच्यासाठी होते. मुलाला खांद्यावर घेऊन जत्रेसारखे अधिवेशन पाहावयास आलेला पिंजारी वर पाहतो, तो तेथे पिंजारीच. त्याच्या हाती त्याचे धनुकले आणि मागे राजाची कमान. त्या एका क्षणाचे मोल कमी नाही. मात्र त्या क्षणावर सारे भागविता येत नाही, हेही तितकेच खरे. मान देऊन देणे फिटत नाही. ठरावांच्या भाषेत बोलावयाचे तर, गौरवाचा ठराव संमत झाला म्हणून मागणीचा ठराव निकालात निघत नसतो.

५

अधिवेशन संपले. विठ्ठलनगर उतरविले गेले. तापीच्या काठी गवताचे, बांबूचे जे होते ते लोकांनी नेले असेल वा पावसाने. चित्रांपैकी पुष्कळ टिकली, हा काहीसा योगायोग आणि काहीशी काळजी. त्यांतील मोठा भाग आज जयपूर हाउसमध्ये आहे. नंदलालांनी स्वातंत्र्यानंतर आपल्या सहकाऱ्यांसह संविधानाच्या मूळ प्रतीची पाने सजविली. त्या संविधानाची हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांच्या हस्ताक्षरात आहे. १९६६ साली नंदलाल वारले. पुढे १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्याखाली त्यांची चित्रे राष्ट्राचा कलानिधी ठरली. म्हणजे ती विकत देशाबाहेर नेता येत नाहीत. २०१९ साली, गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या वर्षी, व्हेनिसच्या प्रदर्शनातील भारताच्या दालनात हरिपुऱ्याची काही चित्रे आजच्या चित्रकारांच्या कामाशेजारी मांडली गेली. ज्या कागदांना वाऱ्यापावसात चार दिवस काढावयाचे होते, त्यांना आज काचेआड, मोजलेल्या उजेडात ठेवावे लागते. आणि ते योग्यच आहे; नाहीतर माझ्यासारख्याला ती दिसलीच नसती.

पण ज्या पटुआंकडून ही रेघ आली त्यांचे काय? कालीघाटच्या पटांवर बहुधा नाव नसते. नंदलालांच्या प्रती काढणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांची नावेही पाटीवर येत नाहीत. गुरूचे नाव राहिले, हाताची नावे गेली. तरीही ती परंपरा संपलेली नाही. पश्चिम बंगालमधील पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यात, पिंगळ्याजवळ, नया नावाचे खेडे आहे. तेथे पटुआंची वस्ती आहे, आणि सर्वांचे आडनाव चित्रकर. हे लोक धर्माने बहुतांशी मुसलमान. त्यांच्या गुंडाळपटांवर मनसा, दुर्गा, रामकथा, आणि पीरही. पट उलगडत उलगडत ते गाणे म्हणतात. गेल्या काही दशकांत त्यांनी २००४ च्या त्सुनामीचे पट काढले, एड्सच्या साथीचे काढले, झाडे तोडण्यावर, मुलींच्या शिक्षणावर काढले. तारकेश्वरच्या महंतापासून चालत आलेली ती रीत आहे. कोणी चळवळीला कला जोडली नाही; चव्हाट्यावरची गोष्ट सांगणे हा त्या आचाराचाच भाग होता. पूर्वी पट गायच्या आणि दाखवायच्या कामात पुरुष पुढे असत. आता तेथील पुष्कळ स्त्रिया पट काढतात, गातात आणि खाली आपले नाव लिहितात. हे नाव लिहिणे मला लहान वाटत नाही. हरिपुऱ्याच्या वेशीवर ज्याचे चित्र होते त्याने आता कुंचला हाती घेऊन सही केली, असा त्याचा अर्थ आहे.

असो. त्या दिवशी संग्रहालयाची वेळ संपत आली, तेव्हा पहारेकरी आमच्या दालनात आला. प्रौढ गृहस्थ, बोलण्यावरून पूर्वेकडचे. मी ढाकवाल्यासमोर बराच वेळ उभा असल्याचे त्यांनी पाहिले असावे. ते म्हणाले, आमच्या गावी पूजेला असाच वाजवतात. पण हा डावरा दिसतो का हो? मी पुन्हा पाहिले. मला नीट सांगता येईना. चित्रकाराची परंपरा, अधिवेशनाची साल, कागदाची जात यांबद्दल मला काही सांगता आले असते. ढाक कोणत्या हाताने कशी धरतात हे मी कधी पाहिलेच नव्हते. ज्याला ते ठाऊक होते तो रोज आठ तास त्या चित्राजवळ उभा होता, आणि त्याला कोणी विचारले नव्हते.

नंदलाल फैजपूरला आणि हरिपुऱ्याला गेले ते परके म्हणून. तेथे त्यांनी प्रथम काय केले असेल, तर तेथल्या माणसांची कामे नीट पाहिली. आपणही परक्या गावी असतो, आपल्या टेबलावर तेथल्या माणसांचे अर्ज येतात, आणि अर्जदाराचे काम आपण बहुधा एका रकान्यापुरते पाहतो : व्यवसाय, शेती, व्यवसाय, मजुरी. त्या रकान्यामागे एक वाकलेली पाठ आहे आणि तिचा एक ताल आहे, हे चारशे कागदांनी १९३८ साली एका नदीकाठी सांगितले होते. पुढच्या सुट्टीत जयपूर हाउसला पुन्हा जाईन. चित्रे पाहावयाची आहेतच. पण त्या पहारेकऱ्यांना ढाकेविषयी आणखी विचारावयाचे आहे.